चूक माझीच, लिहून टाका

दोघांची पहिली गाठ पडली ती ऑफिसच्या काचेच्या दारात. ती आतून ढकलत होती, तो बाहेरून. आणि दोघांनी असा जोर लावला, की इमारत बोटभर कलली म्हणतात.

शेवटी तो हसला. "तुमची चूक नाही हां. दाराचीच आहे. असा दांडा दिसला की माणूस ढकलणारच."

"आणि तुमची?"

"माझीही नाही. कुणाचीच चूक न काढण्याचा मला पगार मिळतो."

ते खरंच होतं. कंपनीत काही बिघडलं की कुणावर खापर न फोडता बिघाडाचं मूळ शोधायचं, यासाठीच त्याला नवीन आणलं होतं. तिच्याकडे बसच्या तिकिटांची सिस्टीम. स्क्रीनवर दोन चौकटी कायम उघड्या: एक तालमीची, खोट्या तिकिटांची; एक खरी, चालू बसगाड्यांची. तालमीच्या चौकटीत काय वाट्टेल तो गोंधळ घाला; खऱ्या चौकटीत मात्र श्वाससुद्धा जपून घ्यायचा.

त्या दारापासून तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. खुर्चीत बसवेना, उठून कुठे जावं ते कळेना. तिच्या टेबलासमोरच्या काचेपलीकडे पावलं वाजली की मान आपोआप वर... आणि तो नसला की साऱ्या जगाचा राग.

मंगळवारी मान वर गेली, तर तोच! बाह्या दुमडलेल्या, केस विस्कटलेले. त्यानं नुसतं पाहिलं... तिनं मान खाली घातली आणि तालमीची कमांड खऱ्या चौकटीत देऊन मोकळी झाली.

झालं! सगळ्या बसमधल्या सगळ्या प्रवाशांना एकच जागा मिळाली — पुढची, खिडकीची. अशी भांडणं जुंपली, की एका बसमध्ये भांडता भांडता लग्न ठरलं आणि वऱ्हाड त्याच बसनं पुढे गेलं म्हणे.

दुसऱ्या दिवशी बैठक. टेबलाच्या टोकाला विभागप्रमुख मोठ्या बाई, फळ्यापाशी तो.

"चूक माझीच," ती बसता बसताच म्हणाली. "लिहून टाका आणि सोडा मला."

"तसं लिहिलं की शोध संपतो. उद्या तिथंच दुसरं कुणी चुकेल."

"मी वेंधळी आहे!"

"हा शब्द इथे चालत नाही."

"मग नोकरीवरून काढा!"

"अगं, लोक दोष टाळतात," मोठ्या बाई म्हणाल्या, "तू काय हात धुवून त्याच्या मागे लागलीयस?"

लागणार नाही तर काय? दोष पदरात पडला असता तर तिथंच सुटका होती. हा माणूस मात्र गोड आवाजात खोल खोल उतरत होता, आणि तळाशी तो स्वतःच बसला होता! अहवाल वाचणार सगळी कंपनी.

"कमांड देण्याआधी काय बघत होतात?"

"स्क्रीन."

"त्याच्याआधी?"

"...काच."

फोन वाजला म्हणून थाप मारावी? मग सगळ्यांचे फोन जप्त होतील, आणि खरं कारण तसंच राहून पुढच्या महिन्यात पुन्हा बस भरून भांडणं. तिनं डोळे मिटले.

"पलीकडून कुणीतरी जात होतं. मी... बघत राहिले."

"कोण गं?" मोठ्या बाई पुढे सरकल्या.

त्यानं हातातलं पेन टेबलावर ठेवलं. "बाई, बैठक दुसऱ्या कुणाला तरी चालवू द्या. मी तटस्थ नाही."

"म्हणजे?"

"त्या जाणाऱ्या माणसाला त्या बाजूला काही काम नव्हतं. एकदाही नव्हतं. त्याला फक्त... यांनी मान वर केलेली बघायची असायची."

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

मोठ्या बाईंनी शांतपणे पेन उचललं. "मग उपाय काय लिहू? काचेला पडदा?"

"नको!" दोघं एकदम ओरडले.

"बरं बरं. खऱ्या चौकटीला लालभडक रंग द्या, म्हणजे आंधळ्यालाही फरक कळेल. आणि आता दोन्ही कारणं माझ्यासमोरून उठा बघू!"

बाहेर पॅसेजमध्ये तो तिच्यासमोर उभा राहिला. हातांचं काय करावं, ते त्याला सुचत नव्हतं.

"मग... मी उद्यापासून त्या बाजूनं येऊ नको का?"

"मुळीच येऊ नकोस," ती म्हणाली. "सरळ आत ये आणि शेजारी बस. लांबून बघण्यात फार नुकसान होतं."