स्किलेट सूचा वेगांक

"हा डी. हार्टिग मला भेटला ना, तर भर रस्त्यात त्याचा मुका घेईन!"

डीलियाच्या हातातली कॉफी हिंदकळली.

रेसकोर्सच्या मागच्या फाटकासमोरच्या त्या छोट्या खानावळीत सकाळी पाय ठेवायला जागा नसायची. बाहेर एप्रिलची भुरभुर लागली होती, काचांवर वाफ धरली होती. डीलियाच्या शेजारच्या स्टुलावर एक उंच तरुण बसला होता. टोपीतून थेंब गळत होते, बुटांना पागेतलं गवत चिकटलं होतं. पेपर पसरून तो वाढणाऱ्या बाईला मोठ्यानं वाचून दाखवत होता.

"माझ्या स्किलेट सूला एकशे दोन वेगांक दिलाय यानं! एकशे दोन! या वर्षी लुइव्हिलमध्ये एका तरी तरुण घोडीला मिळालाय का?"

"म्हातारा असेल तो हार्टिग," डीलिया कपाकडे बघत हळूच म्हणाली.

"असू दे."

"दाढी असेल. तंबाखू खात असेल..."

"दाढीसकट घेईन!"

आता मात्र तिला हसू आवरेना. "मग आधी तोंड पुसा," ती म्हणाली. "ओठाला जॅम लागलाय. आणि दाढी नाहीये मला. मी डीलिया हार्टिग."

त्यानं टोपी काढली. परत घातली. परत काढली. कानाच्या पाळ्यांपासून मानेपर्यंत तो असा काही लाल झाला की वाढणारी बाई पाठ फिरवून खुदुखुदू हसायला लागली.

"मॅडम, मी... ते मुक्याचं..."

"काय ते? मी तर काहीच ऐकलं नाही."

"ऐकलं नाही ना? बरं झालं." तो जरा थांबला. मग डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिच्याकडे बघत म्हणाला, "म्हणजे... फार बरं झालं असंही नाही."

त्याचं नाव एमेट पोग. काका वारल्यापासून व्हर्डीकाकूची पागा तोच सांभाळायचा. पागा कसली, पाच-सहा घोडे आणि गळका पत्रा. त्यातली तव्यासारखी काळीभोर घोडी म्हणजे स्किलेट सू. "आकडा दिलात, आता घोडी तरी बघायला या," तो निघताना म्हणाला. आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता डीलिया गेली.

घोडे तिनं आजवर दुर्बिणीतून पाहिले होते, आणि त्याहून जास्त कागदावर. 'ब्लूग्रास मॉर्निंग' या रेसच्या दैनिकात ती वेगांक काढायची. नुसती वेळ बघून घोडा कळत नाही. एखाद्या दिवशी माती कोरडी, टणक असते, घोडे उडतात. दुसऱ्या दिवशी तीच माती पाय धरून ठेवते. म्हणून त्या दिवसाच्या सगळ्या रेसेस शेजारी मांडायच्या, मातीनं किती दिलं, किती घेतलं ते काढायचं आणि वेळेतून तो दिवस वजा करायचा. उरतो तो घोडा. त्याचा आकडा, तो वेगांक. ओक्स जवळ आली की सारं शहर तिचे आकडे पाठ म्हणायचं. डर्बीच्या आदल्या दिवशीची ती फक्त फिलींची, तीन वर्षांच्या माद्यांची रेस; पण लुइव्हिलकरांचा जीव डर्बीपेक्षा तिच्यातच जास्त.

कागदावरची स्किलेट सू आणि ही... ही तर तिच्या केसांत नाक खुपसून फुरफुरली! डीलिया किंचाळून मागं सरली, ती थेट एमेटच्या छातीवर.

"आवडलात तुम्ही तिला," तो म्हणाला.

"तिला?"

"तिलाच. मी कुणाचं नाव घेतलं दुसरं?"

मग ती रोज जायला लागली. धुकं, घोड्यांच्या अंगातून निघणारी वाफ, ओल्या गवताचा वास, आणि कुंपणाला कोपर टेकवून उभा असलेला एमेट. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं तेही कळलं नाही. तो थर्मासमधली कॉफी तिला आधी द्यायचा. बोटं बोटांना लागायची... आणि दोघंही एकदम घोडीविषयी बोलायला लागायची.

एका बुधवारी डीलिया कचेरीत ओक्ससाठी जुन्या रेसेस चाळत होती. सू जिंकली होती ती मार्चमधली रेस उत्तरेकडच्या एका लहान रेसकोर्सवर झाली होती. त्या दिवशी सूच्या मागं राहिलेल्या घोड्या नंतर जिथं जिथं धावल्या, तिथं तिथं रखडल्या होत्या. एक नाही, सगळ्या. सू एकशे दोनची असती तर तिच्या पाठोपाठ आलेल्या इतक्या सामान्य कशा?

तिनं त्या रेसची फिल्म लावली.

घोडे सुटतात ते सुरुवातीचं फाटक नेहमीच्या जागी नव्हतंच. तिथं पाणी साचलं होतं, म्हणून ते बरंच मागं ओढलं होतं. घड्याळ सुरू होतं ते पुढच्या खुणेपाशी. तिथवर येईतो घोड्यांना धाव घ्यायला ऐसपैस जागा मिळाली. घड्याळ चालू झालं तेव्हा त्या आधीच भरधाव होत्या. वेळ कमी लागला तो त्यामुळं. ताडून बघायला तेवढ्या अंतराची दुसरी रेसही त्या दिवशी नव्हती. सू फार तर ब्याऐंशीची घोडी होती. भली, प्रामाणिक, ब्याऐंशीची.

एवढा मोठा आकडा निघाला तेव्हाच फिल्म बघायला हवी होती. ते तिचं कामच होतं. तिनं बघितली नव्हती, कारण आकडा देखणा होता... आणि त्याच संध्याकाळी रेडिओवरच्या माणसानं तिचं नाव घेऊन कौतुक केलं होतं.

ती तशीच पागेकडे धावली. सांगायचंच, आत्ताच्या आत्ता. पण एमेट दारातच, पत्र्याखाली समोर आला, तोंड नुसतं फुललेलं.

"काकूनं ठरवलं! ती शुक्रवारची हलकी रेस नको म्हणाली. डीलिया, सू ओक्स धावणार!"

त्यानं तिला उचलून गरकन फिरवलं. पत्र्यावर पाऊस ताशा बडवत होता. तिनं बोलायला तोंड उघडलं, आणि त्यानं तिचं चुंबन घेतलं. ओल्या दोराचा आणि कॉफीचा वास... तिनं डोळे मिटले. तिच्या आयुष्यातला सगळ्यात गोड क्षण, आणि तो चोरीचा. खाली उतरल्यावर तिला त्याच्याकडे बघवेना. त्याला वाटलं, लाजली.

लाजलीच होती. पण त्याला वाटलं तशी नाही.

उद्या सांगू, उद्या सांगू करत रविवार उजाडला, आणि व्हर्डीकाकूचं जेवायचं बोलावणं आलं. काकू ठेंगणी, ठसठशीत. शब्द कमी आणि वाढणं जास्त. मटणाच्या दाट रश्शाचं, बर्गूचं पातेलं, मक्याचा पाव, टेबलावर कडक इस्त्रीचं कापड. जेवणाआधी तिघांनी हात धरून माना खाली घातल्या.

"प्रभो," काकू म्हणाली, "या अन्नाबद्दल आभार. माझ्या रॉयच्या मागं ही पागा टिकली, त्याबद्दल आभार. आणि ही पोर. आमच्या सूमध्ये आम्हाला दिसलं नाही ते हिनं पाहिलं. हिच्या डोळ्यांवर तुझी कृपा राहू दे. आमेन."

"आमेन," एमेट म्हणाला आणि त्यानं तिचा हात हलकेच दाबला.

डीलियाच्या तोंडून आमेन निघालं नाही. चेहरा असा तापला की काकूनं खिडकी उघडली. "मसाला जास्त झाला का गं?" तिनं काळजीनं विचारलं. डीलियाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुवतीबाहेर पळवलेली घोडी कशी मोडते, ते तिला ठाऊक होतं. आणि आपण इथं बसून, मान खाली घालून, दुसऱ्यांदा वाढून घेतोय!

सोमवारी ओक्ससाठी नावं द्यायची होती. ती पहाटेच पागेत पोचली. एमेट बादली भरत होता.

"एमेट, तो आकडा खोटा आहे."

तिनं सगळं सांगितलं. फाटक, खूण, फिल्म, रेडिओ... काही म्हणता काही गाळलं नाही. बादली भरून वाहायला लागली तरी त्यानं नळ बंद केला नाही.

"कधी कळलं तुला?"

"बुधवारी."

"म्हणजे... पत्र्याखाली आपण..."

"त्याच्याआधी."

त्यानं मान वळवली. तो काहीतरी बोलेल, ओरडेल म्हणून ती वाट बघत राहिली. पण तो एवढंच म्हणाला, "मला जायला हवं." आणि गेला.

डीलियानं दुसऱ्या दिवशीच्या पेपरात चौकट छापली: 'स्किलेट सूला दिलेला वेगांक चुकीचा होता. फाटक मागं हलवलेलं मी पाहिलं नाही. दोष पूर्णपणे माझा.' खाली पहिल्यांदाच पूर्ण नाव, डीलिया हार्टिग. रेडिओवरचा तोच माणूस दिवसभर हसत होता, "हार्टिगबाईंना कुणीतरी चष्मा घेऊन द्या हो!"

ओक्सच्या यादीत सूचं नाव नव्हतं. ते बघून ती कचेरीच्या जिन्यात बसून रडली, आधी सुटकेनं आणि मग कशानं ते तिलाच कळेना. एमेटचा फोन आला नाही. पागेकडे जायला तिचे पाय उचलले नाहीत.

ओक्सचा दिवस उजाडला. ओक्सच्या रिवाजानं सगळं शहर गुलाबी झालेलं, गुलाबी टोप्या, गुलाबी झगे, गुलाबी पेयं. डीलिया पत्रकारांच्या सज्जात गेलीच नाही. दूरच्या वळणाजवळ कुंपणाला टेकून उभी राहिली. पाऊस अगदी बारीक, पापण्यांवर बसेल एवढाच.

"सज्जात शोधलं तुला. म्हणाले, ती हल्ली कुणाला तोंड दाखवत नाही."

एमेट! गळ्यात कुणाचातरी उसना गुलाबी टाय, भलताच आखूड.

"सू कशी आहे?" तिनं जमिनीकडे बघत विचारलं.

"गाजरं खातेय. जूनमध्ये तिच्या बेताची एक रेस आहे."

"एमेट, मला तुझी माफी..."

"थांब. आधी मला बोलू दे, नाहीतर परत पळून जाईन." त्यानं टाय सैल केला. "मला माहीत होतं."

"काय?"

"सू एकशे दोनची नाही ते. रोज सकाळी मी तिची वेळ घेतो गं. पेपर वाचला त्या दिवशी वाटलं, खरंच असेल. पण तू यायला लागल्यावर आठवड्यात कळलं, नाही... काहीतरी चुकलंय."

"मग बोलला का नाहीस?"

"आकडा खोटा निघाला असता तर तू कशाला आली असतीस? तू सूला बघायला यायचीस. म्हणून काकूच्या ओक्सलाही मी हो म्हणालो."

"सूला?" तिचा आवाज चढला. "पहाटे उठून, चिखल तुडवत, मी घोडीला बघायला यायचे? गाढवा!"

शेजारच्या गुलाबी टोपीवाल्या बाईनं वळून पाहिलं. एमेटनं मान खाली घातली.

"तू सगळं सांगितलंस ना, तेव्हा मला तोंड वर करवेना. तुला वाटलं, मी रागावलो. मी तसं वाटू दिलं. हे तुझ्या चुकीपेक्षा वाईट आहे, डीलिया. मला माहीत आहे."

"मी पेपरात नाव छापून गावभर हसं करून घेतलं... आणि तू?" तिनं हातातलं रेसचं पुस्तक त्याच्या दंडावर हाणलं. परत हाणलं. तिसऱ्यांदा हात उगारला आणि तसाच राहिला, कारण तो मुकाट्यानं दंड पुढं करून उभा होता. तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले.

"काकूला काय सांगितलंस?"

"सूचा पाय गरम लागतोय, दुखावला असेल म्हणालो."

"म्हणजे आणखी एक थाप!"

"हो. मग तिनं पेपर वाचला. म्हणाली, पोरीनं चार लोकांत चूक कबूल केली, तिला घेऊन ये. माझं मात्र तिला अजून ठाऊक नाही." त्यानं दंड चोळला. "डीलिया, मला तू आवडतेस. पहिल्या दिवसापासून. हे आधी सांगितलं असतं तर बाकी काही लपवावंच लागलं नसतं."

तिनं चेहऱ्यावरून हात फिरवला. कान अजून तापलेलेच होते, त्याचेही. मग तिनं त्याचा वाकडा टाय सरळ केला.

"मलाही," ती अगदी हळू म्हणाली. "आणि आज आपण काकूकडे जायचं. आत्ता."

"आत्ता? ओक्स सुरू होतेय!"

"आत्ता. मला परत त्या टेबलावर खोटं बसायचं नाहीये."

तुतारी वाजली. सगळी गर्दी कुंपणाकडे लोटली, आणि ही दोघं तिच्या उलट्या दिशेनं, टोप्या चुकवत, धक्के खात फाटकाकडे निघाली.

"ती मला झोडपेल," एमेट म्हणाला.

"झोडपू दे. मी उभी राहीन तुझ्या मागं."

"मागं?"

डीलिया दोन पावलं तशीच चालली. मग तिनं त्याच्या ओल्या बोटांत बोटं अडकवली.

"बरं... शेजारी."