काचेवर दोनदा टक

हे घडलेलं आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी नाही पटवून घेतलं तरी चालेल, पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारी सव्वादोनला घडली. मागच्या फेब्रुवारीतला एक रविवार. ओहायोत, डिफायन्स गावाबाहेर, एल्डन हुबरच्या गॅरेजमध्ये. बाहेर गुडघाभर बर्फ होतं आणि त्यावर डोळे दिपवणारं ऊन.

एल्डनला मी बावीस वर्षं ओळखतो. दर शनिवारी जुन्या स्केटिंग हॉलमध्ये रिमोटच्या गाड्या पळवणारी आमची टोळी आहे, त्यातला तो. मोजकं बोलणारा माणूस. गोष्टी रचून सांगणं त्याला या जन्मात जमायचं नाही.

त्याने हे मला एकदाच सांगितलं. पुन्हा विचारलं तर उठून जातो.

एल्डन चौतीस वर्षं पत्रे ठोकायच्या कारखान्यात होता. त्यात त्याचा डावा कान पूर्ण गेला. उजवा अर्धामुर्धा उरला.

एरवी त्याचं काही अडलं नसतं. पण गाडीचे सुटे भाग तो घरीच बनवायचा, कार्बनच्या कापडाचे. आणि त्या कामाला कान लागतो.

जाड काचेवर मेण घासायचं. त्यावर काळं विणलेलं कापड अंथरून रेझिन, म्हणजे वाळून दगडासारखा होणारा चीक, चोपडायचं. त्यावर दुसरा थर, मग तिसरा. वरून प्लॅस्टिक घालून चारी कडा चिकट पट्टीने बंद करायच्या आणि पंपाने आतली हवा ओढून घ्यायची. प्लॅस्टिक कापडाला गच्च आवळतं. सात-आठ तास तसंच ठेवलं की लोखंडाला लाजवेल अशी पाटी तयार होते.

पण कडेला केसाएवढी फट राहिली तरी हवा आत शिरते आणि पाटीत बुडबुडे धरतात.

ही फट दिसत नाही. तिची नुसती बारीक फुसफुस ऐकू येते.

ती ऐकायची एल्डनची बायको, लोरेन. एका हाताने केस मागे धरून ती काचेवर वाकायची आणि कडेकडेने कान फिरवायची. फट सापडली की तिथे काचेवर लग्नाची अंगठी दोनदा वाजवायची.

टक. टक.

म्हणजे इथे दाब.

"तिथे नाही रे, बहिऱ्या. इकडे."

"दाबलं ना."

"तू टेबल दाबतोयस, एल्डन. टेबलाला भोक नाहीये."

लोरेन स्वतःही गाडी पळवायची. तिची निळी गाडी आम्हा सगळ्यांना मागे टाकायची. आमचा वेंडेल एल्डनला चिडवायचा, "चांगल्या पाट्या बायकोला आणि बुडबुडेवाल्या स्वतःला. म्हणून हरतोस."

"बुडबुडे कुठेत ते तीच सांगते," एल्डन म्हणायचा. "मग चांगली ती कशी सोडेल?"

त्या आधीच्या मे महिन्यात लोरेन गेली. फुप्फुसं निकामी झाली होती. अंगठी तिच्या बोटातच राहू दिली. एल्डननेच तसं सांगितलं होतं.

त्यानंतर नऊ महिने गॅरेजचं दार उघडलं नाही.

मग वेंडेलचा फोन आला. "पुढच्या शनिवारी लोरेनच्या नावाची शर्यत ठेवलीय. तिची निळी गाडी पाहिजे."

"तिची खालची पाटी मोडलीय."

"मग कर ना दुसरी. हात मोडलेत का तुझे?"

आजारी पडायच्या आधी लोरेनच्याच हातून ती पाटी मोडली होती. नवी करून देतो, असं तो तिला म्हणाला होता.

"करतो," तो म्हणाला.

कापडाचा शेवटचा तुकडा तिनेच कापून ठेवलेला होता. धागे सुटू नयेत म्हणून कडांना कागदी पट्टी लावलेली, आणि पट्टीवर पेन्सिलने लिहिलेलं, 'वाया घालवू नकोस.'

रविवारी दुपारी त्याने गॅरेजमधला हीटर लावला. काचेला मेण घासलं, थर रचले, कडा बंद केल्या. पंप सुरू केला.

पंपाचा काटा वर चढला... आणि अर्ध्यावर थांबला.

कुठेतरी फट होती.

तो काचेवर वाकला. उजवा कान कडेला लावून सगळीकडे फिरला. पंपाची घरघर सोडली तर काही नाही. सगळ्या कडा त्याने अंगठ्याने दाबून काढल्या. काटा ढिम्म. रेझिन घट्ट व्हायला लागलं होतं. हातात फार तर वीस मिनिटं होती, आणि दुसरं कापड नव्हतं.

तो नुसता उभा राहिला. काय करावं ते सुचेना.

आणि तेव्हा...

टक. टक.

काचेच्या उजव्या कोपऱ्यावर.

एल्डनचा हात आपोआप तिकडे गेला. पट्टी दाबली. काटा सरसर वर चढला.

"दाबलं ना," तो म्हणाला.

म्हणाला, आणि मग जागच्या जागी थिजला.

कारण आवाज डाव्या कानात आला होता. एकोणीस वर्षं मेलेल्या कानात.

तो मला म्हणाला, "मी घाबरलो नाही. खरं सांगतो, मला बरं वाटलं. नऊ महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं."

काटा आता पूर्ण वर होता. काम झालं होतं.

टक. टक.

आता डावीकडे. त्याने तिथे दाबलं.

टक. टक.

खालच्या बाजूला. त्याने पट्टीवर पट्टी चढवली. टेबलाभोवती तो पळायला लागला. काटा जागचा हलत नव्हता. फट कुठेच नव्हती.

"लोरेन, कुठे? नीट सांग. मला दिसत नाहीये."

आवाज संथ झाला. थकल्यासारखा. दोन टक... मग बराच वेळ काही नाही... मग पुन्हा दोन टक.

ही लय त्याच्या ओळखीची होती.

लोरेन शेवटचे चार दिवस श्वासाच्या यंत्राच्या मास्कवर होती. नाकातोंडावर घट्ट बसवलेला मास्क. जरा सैल झाला, हवा निसटली, की यंत्र ओरडायचं. मास्कमुळे तिला बोलता यायचं नाही. ती पलंगाच्या दांडीवर अंगठी वाजवायची. टक. टक.

एल्डनला वाटायचं, ती फट दाखवतेय. दुसरं काय वाटणार त्याला? तो उठायचा आणि मास्क दाबून धरायचा. पट्टा आणखी एक घर आवळायचा. ती पुन्हा वाजवायची. तो पुन्हा आवळायचा. तिच्या नाकावर वळ उठला होता.

"दाबलं ना," म्हणायचा तिला. चार दिवस हेच.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तिने वाजवणं सोडलं.

गॅरेजमध्ये आता आवाज मध्यावरून येत होता.

बरोबर काचेच्या मधोमध. तिथे कडा नाही. तिथे फट असूच शकत नाही.

त्याने वाकून टेबलाखाली बघितलं. खाली कोणी नव्हतं.

मान वर केली, तर मधलं प्लॅस्टिक... किंचित वर आलं.

आणि खाली बसलं.

पुन्हा वर आलं.

पंप पूर्ण जोरात चालू होता. काटा शेवटाला टेकलेला. प्लॅस्टिक उचललं जाणं शक्यच नव्हतं.

एल्डनने तेच केलं जे तो करत आला होता. तळवा ठेवला आणि दाबला.

टक टक. टक टक. टक टक.

त्याच्या हाताखाली. घाईघाईने.

त्या क्षणी पहिल्यांदा त्याच्या मनात आलं... की ती 'दाब' म्हणत नसेल तर?

'काढ' म्हणत असेल तर?

तो मला म्हणाला, "हात उचलवेना. दाबवेनाही. पंप चालू, ती वाजवतेय, आणि मी नुसता उभा."

किती वेळ गेला ते त्याला सांगता येत नाही.

शेवटी त्याने सुरी घेतली आणि पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चिरली.

हवा आत शिरली. एक लांबलचक श्वास घेतल्यासारखा आवाज झाला. तोही डाव्या कानात.

मग सगळं शांत झालं.

त्याने पंपाची वायर उपटली. अंधार पडेपर्यंत तो खुर्चीवर बसून होता. काही ऐकू आलं नाही.

सोमवारी सकाळी वाळलेली पाटी काचेवरून सुटली. जिकडेतिकडे बुडबुडे, सुरकुत्या. अगदी वाया गेलेली.

फक्त मधोमध एक जागा सोडून.

तेवढी जागा आरशासारखी गुळगुळीत. वर निमुळती, खाली रुंद, कोपरे गोल. तळहाताएवढी. आणि तिच्या भोवतीने खोल दाबलेली एक रेघ... घट्ट आवळलेल्या कडेची.

तो आकार ओळखायला एल्डनला वेळ लागला नाही. चार दिवस त्याच्या हाताखाली तोच होता.

शनिवारी निळी गाडी आली नाही.

"पाटी कुठाय?" वेंडेलने विचारलं.

"बिघडली."

"मग दुसरी का नाही केलीस? तिच्यासाठी एवढंही होईना तुझ्याच्याने?"

हॉलबाहेर आल्यावर एल्डनने गाडीच्या मागच्या सीटवरून टॉवेलात गुंडाळलेली पाटी काढून माझ्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. मी ती रेघ बोटाने चाचपून बघितली. आहे ती. खरोखरच आहे.

"तुला काय वाटतं?" त्याने मला विचारलं. "घट्ट कर म्हणत होती, की काढ?"

माझी बायको गेली त्याला तीन वर्षं झाली. शेवटच्या रात्री मी तिचा हात गच्च धरून बसलो होतो. ती तो मधूनमधून हलवत होती. मला वाटलं, मी आहे ना, ते बघतेय.

तेव्हापासून मला नीट झोप नाही.

एल्डनने पंप विकून टाकला. काच मात्र आहे, टेबलावर तशीच, पुसून ठेवलेली. रोज दुपारी तो तिथे जाऊन बसतो. अजून काही ऐकू आलेलं नाही.

आणि हल्ली तो उजव्या कुशीवर झोपतो. चांगला कान उशीत दाबून.

बहिरा कान वर ठेवतो. उघडा.