आतून चार, बाहेरून पाच

सुनेचं पाळणाघर अडलं होतं ते एका खिडकीपायी.

शेजारच्या इमारतीकडची भिंत काचेची, टोकाला विटांचा पट्टा. मध्ये जेमतेम माणूस जाईल एवढा बोळ. इकडची आग तिकडे जाऊ नये म्हणून काच आगीत टिकणारी हवी आणि उघडणाऱ्या खिडक्या चारच हव्यात, असा नियम. काच मीच बसवली होती. जन्म गेला त्या कामात.

परवानगी देणारा अग्निशमन खात्याचा तपासनीस बोळातून मान वर करायचा आणि म्हणायचा, पाच. मी त्याला वर नेऊन चार दाखवायचो. तो खाली उतरला की पुन्हा पाच. अक्षरं मला उशिरा आली, पण चारपर्यंत मोजता येतं, असं त्याला ऐकवूनही झालं.

“बाबा, भांडू नका,” सून म्हणाली. “त्याला जी नकोय ती बंद करा न् मोकळे व्हा. लोक मुलांना दुसरीकडे घालायला लागलेत.”

तणतणत बोळात गेलो. विटांच्या पट्ट्यात पाचवी खिडकी होती. अर्धवट उघडी. चौकट थेट माझ्या हातची.

वर गेलो. आतून तिथे सपाट गिलावा. ठोकून पाहिला, भरीव. खाली आलो, तर खिडकी आपली उघडीच. जिने चढून-उतरून गुडघे बोलायला लागले, तेव्हा माझं डोकं फिरलं. मला परवानगी हवी होती, अर्थ नको होता.

शिडी लावली. बाहेरूनच पल्ला ओढून बंद केला आणि स्क्रू मारायला घेतले. बोळात ऊन येत नाही, तरी काच तापलेली. तिच्यामागे काहीतरी करडं, दाट, सावकाश वर चढत होतं.

आतली कडी फिरली.

मी थांबलो.

“काका, आटपा,” खालून तपासनीस म्हणाला. “मला अजून दोन ठिकाणी जायचंय.”

कडी पुन्हा फिरली.

मी स्क्रू आवळला.

परवानगी त्याच दिवशी मिळाली. पाळणाघर आता भरलंय. दुपारी मुलं झोपतात, पण त्या भिंतीशी कोणी झोपत नाही. अंथरुणं आपणच ओढून लांब नेतात. सून रंगवाल्याच्या नावाने खडे फोडते. तिथला रंग टिकतच नाही. पुन्हा पुन्हा फोड येतात, सगळे गुडघ्याच्या उंचीवर, छोट्या पंजांच्या आकाराचे.