यंत्रातलं गाऱ्हाणं

धुरींच्या सिद्धेशचं लग्न झालं ते २०२३ साल. मांडव उतरून महिना झाला नव्हता, तोच त्यांच्या भांडुपच्या घरात चोरी झाली.

नाहूरला वनमाला साळवे यांची खासगी तपासाची कचेरी होती. एक टेबल, तीन खुर्च्या. रविवारी सकाळी सिद्धेशची बहीण दिशा तिथे आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, माझी वाट लागली."

"आधी बस. अंबादास, पाणी द्या."

अंबादास हे वनमालाबाईंचे मेहुणे. बस कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. माणूस भला, पण विचार पुढच्या स्टॉपला पोचायला जरा वेळ लागे.

दिशा सांगू लागली. उद्या अंधेरीला तिची ऑडिशन होती. सिनेमातली मालवणी बाई. समुद्रावर गेलेला नवरा परत यावा म्हणून ती देवाला गाऱ्हाणं घालते.

"मी भांडुपात वाढले. मालवणी कानाला कळते, जिभेवर बसत नाही. म्हणून धोंडू आजोबांनी छोट्या रेकॉर्डरवर एक गाऱ्हाणं घालून दिलं. पंधरा दिवस तेच ऐकतेय. काल दुपारी बघते तर रेकॉर्डर गायब!"

"मोबाइलवर का नाही घेतलंस?" अंबादास म्हणाले.

"अभिनयाच्या क्लासच्या सरांचा नियम. म्हणतात, मोबाइल हातात आला की तुम्ही रील बघत बसता."

"मग आजोबांना पुन्हा म्हणायला सांग."

"तेच तर! हात जोडले, रुसले, तरी ते नाहीच म्हणतात."

वनमालाबाईंनी मान वर केली. "रेकॉर्डरबरोबर आणखी काय गेलं?"

"काहीच नाही. शेजारी माझा मोबाइल होता, संवादांचा कागद होता. सगळं जागच्या जागी."

*

धुरींच्या घरी एक मुलगी आधीच येऊन बसली होती. दिशाची मैत्रीण अपूर्वा. तीही त्याच भूमिकेसाठी उद्या जाणार, हे कळताच अंबादासांनी वनमालाबाईंना कोपराने खुणावलं.

अपूर्वाने ते पाहिलं. "काका, मी नाही हं. मला तर ‘देवा’सुद्धा धड म्हणता येत नाही. हिचंच ऐकून शिकतेय. रेकॉर्डर गेला तर आम्ही दोघी बुडालो ना, यार."

सिद्धेश शुक्रवारपासून कामासाठी नाशिकला गेला होता. त्याची बायको दर्शना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"माझं माहेर नगरचं. मला त्यातलं अर्धं कळतही नाही," ती म्हणाली. "दिशाताई इअरफोन लावून ऐकायच्या. शुक्रवारी तो तुटला, मग मोठ्याने लावलं. पण मी कशाला घेऊ? मला आजींचंच टेन्शन आहे. हृदयाचं दुखणं, डॉक्टरांनी उठायला बंदी केलीय, तरी कालपासून हट्टाने भाताचे तांदूळ स्वतःच काढतायत."

शेवंती आजी पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. वनमालाबाईंनी विचारलं, "आजी, रेकॉर्डर कुणी नेताना पाहिलंत?"

"माका काय म्हायत नाय. त्या यंत्रात काय होता ताय म्हायत नाय. माका आयकाक कमी येता."

आतून दर्शनाने हलकेच विचारलं, "चहा कोरा करू की दुधाचा?"

"कोरी नको गो, दूद घाल," आजी म्हणाल्या.

धोंडू आजोबा खिडकीपाशी सुपारी कातरत होते. गिरणीत उमर गेलेली, त्यामुळे बोलणं अजून मोठ्या आवाजातलं.

"आजोबा, नातीची उद्या परीक्षा. पुन्हा का म्हणत नाही?"

"गाऱ्हाणा म्हंजे काय गाणा नाय, बाये, परत परत म्हणूक. देव एकदा आयकता. आणि ता रिकामा घालूचा नसता. मनातला काय तरी मागूचा लागता." एवढं बोलून ते पुन्हा सुपारीकडे वळले.

वनमालाबाई दिशाकडे वळल्या. "शुक्रवारी मोठ्याने लावलंस, तेव्हा काय झालं?"

"मजाच झाली! गाऱ्हाणं एकजण घालतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला ‘होय म्हाराजा’ म्हणतात. आजी पलंगावरून तसंच म्हणत होती. मध्येच गप्प झाली. मला वाटलं, डोळा लागला."

"नेमकं कुठे गप्प झाल्या?"

दिशा आठवू लागली. "ते... ‘घरची अस्तुरी आजारी आसा, माका आदी ने, पण तिका बरी कर’. आजोबांनी काय डायलॉग बनवलाय ना!"

सुपारीचा अडकित्ता थांबला.

*

"दर्शना," वनमालाबाई म्हणाल्या, "तांदळाचा डबा इकडे आण."

"अरे, तांदूळ कशाला?" अंबादास म्हणाले.

"अंबादास, चोराला दिशाची ऑडिशन बिघडवायची असती, तर संवादांचा कागदही गेला असता. चोर लोभी असता, तर मोबाइल गेला असता. गेला फक्त आवाज. पंधरा दिवस तो इअरफोनमध्ये होता, तेव्हा कुणाला खुपला नाही. शुक्रवारी पहिल्यांदा घराने ऐकला आणि शनिवारी नाहीसा झाला. दर्शनाला मालवणी कळत नाही. सिद्धेश इथे नाही. अपूर्वाचं नुकसानच आहे. आजोबांना नको असता, तर त्यांनी तो पंधरा दिवसांपूर्वीच बंद केला असता."

"मग?"

"कमी ऐकू येणाऱ्या आजींनी आतला हलका प्रश्न ऐकला. शुक्रवारी त्या प्रत्येक वाक्याला होकार देत होत्या. एकाच वाक्याला दिला नाही. आणि कालपासून तांदळाच्या डब्यात दुसऱ्या कुणाचा हात जाऊ नये म्हणून त्या आजारी अंगाने उठतात."

डबा आला. दर्शनाने कोपरापर्यंत हात घातला आणि रेकॉर्डर वर काढला.

"दिशा, तुला तो संवाद वाटला. पण तुझे आजोबा गाऱ्हाणं रिकामं घालत नाहीत. त्यांनी बायकोसाठी खरंच मागितलं. ते एकदाच म्हणाले. यंत्र मात्र बटण दाबलं की पुन्हा देवाला सांगणार."

शेवंती आजी भिंतीचा टेका सोडून सरळ बसल्या. मग त्या नवऱ्यावर उसळल्या. "कोणाक इचारून सांगलास देवाक? माज्या आदी जाऊक निगालो मोठो! आणि ह्या चेडू दिसाचे धा वेळा देवाक आठवण करून देता!"

"तू बरी व्हवची म्हणान..." आजोबांचा मोठा आवाज कुठच्या कुठे गेला.

दिशाने आजीच्या मांडीवर डोकं ठेवलं. "आजी, मी नाही लावणार गं पुन्हा. गेली ती ऑडिशन."

"गप ऱ्हव. खय दाबूचा ता दाखय."

मालवणात बाया सहसा गाऱ्हाणं घालत नाहीत. शेवंती आजींनी त्या दुपारी घातलं. जुनं पुसून त्याच यंत्रात. "बा देवा म्हाराजा, ह्या म्हाताऱ्यान जा काय खुळ्यासारखा मागला, ता मनावर घेव नको. दोघांका वांगडाच, एकामेकाच्या सोबतीन ऱ्हवंदे. आणि माज्या नातीक यश दी."

"होय म्हाराजा," आजोबा म्हणाले. मागोमाग सगळेच म्हणाले. अंबादास जरा उशिराने.

भूमिका दिशाला मिळाली. पुढच्या दिवाळीत मुलुंडच्या थिएटरात सगळे बसले होते. पडद्यावरची बाई गाऱ्हाणं घालू लागली, थेट आजीच्या हेलात. अंधारातून धोंडू आजोबा प्रत्येक वाक्याला मोठ्याने "होय म्हाराजा" म्हणत राहिले, आणि त्यांना कुणी गप्प केलं नाही.

शेवंती धोंडू धुरी त्याआधी आठ महिने, २०२४ च्या माघ पौर्णिमेला, सकाळी गेल्या होत्या.