पाचवी उडी

खोटं वाटत असेल तर उमरीला या, फोन तुमच्या हातात देतो. कितीही पुसला तरी पुसला न जाणारा व्हिडिओ तुम्हीच बघा.

मी प्लास्टिकच्या बाहुल्यांचे व्हिडिओ करतो. बाहुली जराशी हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा हलवायची. बारा फोटोंचा एक सेकंद होतो.

माझ्या बाहुलीची कोलांटउडी काही केल्या खरी वाटेना. म्हणून चुलतभाऊ वैजनाथला गळ घातली. तो पोरांना मल्लखांब शिकवायचा. खांबावरून त्याने चार उड्या मारल्या, मी शूटिंग केलं.

"खांदा भरून आलाय. बास कर आता," तो म्हणाला.

"अजून एकदा मार. पाय दिसले न्हाईत."

पाचव्यांदा तो मानेवर पडला.

तिथंच गेला.

मी सगळ्यांना सांगितलं, मी नको नको म्हणत होतो, त्यानेच ऐकलं नाही. पाचव्या उडीचं शूटिंग पुसून टाकलं. त्याची आई, कावेरीकाकू, मेलेल्या लेकालाच बोल लावायची आणि मला जेवू घालायची. मी निर्लज्जासारखा जेवायचो.

तीन महिन्यांनी, एका रविवारी भरदुपारी, उरलेल्या चार उड्या बघून बाहुलीची उडी करायला बसलो. वाऱ्याने बाहुली हलते, म्हणून पंखा बंद, खिडकी बंद. अठ्ठेचाळीस फोटो काढले.

फोनमध्ये साठ निघाले...

शेवटच्या बारा फोटोंत बाहुलीची मान दुमडलेली होती. त्या बाहुलीची मान वाकतच नाही.

मी फोटो जोडून व्हिडिओ लावला. बाहुली उडाली. मानेवर पडली. फोटोंना आवाज नसतो. तरी त्यातून...

माझाच आवाज आला.

"अजून एकदा मार. पाय दिसले न्हाईत."

पुसला. पुन्हा आला. पुन्हा पुसला.

तेवढ्यात दार वाजलं.

काकू उभी होती. तिच्या फोनमधूनही तोच आवाज येत होता. मी तिला काहीच पाठवलं नव्हतं.

"तू तर नको म्हणत होतास ना रे?"

एवढंच विचारून ती गेली. पुन्हा मला जेवायला बोलावलं नाही.

पण दर रविवारी फोन करते. वैजाने नवा व्हिडिओ धाडला म्हणते. मागच्या खेपेला शांतपणे म्हणाली, "आता त्यात तू खांबावर चढून राहिलास."

वैजा कुठं आहे, असं मी कसंबसं विचारलं.

"खाली उभा हाय. फोन धरून."

मी किती वर पोचलोय, ते विचारायची हिंमत झाली नाही.