विहिरीवर फिरवलेली काच

“ताऱ्याले पोट नसते, आपल्याले असते. भाकर निवून राह्यली,” पंचफुला दुर्बिणीशेजारी पुटपुटली.

ही माझी मावशी. आणि हे खरंच घडलेलं आहे; कुणाला पटवायचा मला सोस नाही. साल १९५६, मेडशीजवळचं शिवार, पौषातली अमावस्या.

नागपूरचे जगदेव मास्तर उकंडरावांच्या मळ्यात मुक्कामाला होते. काही तारे अचानक भडकतात, पुन्हा विझतात. त्या भडक्याचा प्रकाश एकाच दिशेनं थरथरतो का, हे त्यांना बघायचं होतं. त्यासाठी एक काळसर काच. ती फिरवली की तसला प्रकाश मंदावतो.

दिवेलागणीला ते आधी काच विहिरीवर तपासत. काच फिरली की पाण्याची चकाकी जाई. आतल्या पायऱ्या दिसत.

मास्तरांची भाकर घेऊन येणारी पंचफुला तिकडे बघत नसे.

तिची थोरली बहीण रुखमा त्याच विहिरीत गेली होती. पाय घसरला, म्हणे. रुखमा उकंडरावांची बायको. आता तिच्या जागी पंचफुलेला द्यायचं ठरलं होतं. हळद तोंडावर आली होती.

त्या संध्याकाळी मास्तरांनी काच फिरवली...

हात तिथंच थांबला.

रातकिडे गप्प.

“पंचफुला, मागं हो.”

“काहून?”

तिनं काच घेतलीच. पायऱ्या दिसल्या. खालच्या पायरीवर... रुखमा. मान वर. दोन्ही हात वर.

काच फिरवली. पायऱ्या गेल्या.

रुखमा मात्र... मंदावेना.

काच बाजूला केली. पाण्यात नुसतं आभाळ.

“काय तमाशा लावला, मास्तर?” उकंडराव मागून आले. काच हिसकावून काठावर वाकले. हसले.

मग हसू गेलं.

“हात सोड,” ते म्हणाले. अगदी हळू.

त्यांच्याजवळ कुणीच नव्हतं.

ते काठावरून खाली गेले... पण पाण्याचा आवाज आलाच नाही.

गाव जमलं. गळ टाकले. काही लागलं नाही. मावशी अजून परातीतल्या पाण्यातही डोकावत नाही. का, ते मी विचारत नाही.

“अंधारात काठ दिसला नसन,” जो तो म्हणत होता.

माझी आजी गोमतीबाई, रुखमा-पंचफुलेची आई, पुढं झाली. तिनं पंचफुलेचा हात घट्ट धरला.

“रुखमाले यानंच ढकललं. मले ठाऊक होतं. अन् तरी मी दुसरी पोरगी त्याच्याच घरी देऊन राह्यली होती.”