पासष्ट इंच

चाळीसएक पडद्यांवर एकाच वेळी गोल झाला आणि दुकानात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. सगळ्या टीव्हींचे आवाज बंद होते. एकच खेळाडू चाळीस ठिकाणी हात पसरून धावत होता आणि समोर मी... जेवणाच्या सुट्टीत आलेली, अंगातला पांढरा कोट काढायलाही विसरलेली. बाहेर सकाळपासून आभाळ दाटलं होतं. धड पडतही नव्हतं, धड उघडतही नव्हतं.

"डॉक्टर, जरा बाजूला होता का? काच पुसायची आहे."

मागे एक उंच, किडकिडीत माणूस उभा होता. खांद्यावर मऊ फडकं, शर्टाच्या खिशाला दुकानाचा बिल्ला.

"मी डॉक्टर नाही. लॅबमध्ये असते. लोकांचं रक्त काढते."

"अरे बापरे! मग तर जपूनच बोलायला हवं."

मला हसायचं नव्हतं. त्या दिवसांत मी हसणं सोडूनच दिलं होतं. तरी ओठाचा एक कोपरा हलला असावा, कारण त्यानं तो पाहिला आणि घाईघाईनं नजर काचेकडे वळवली.

"टीव्ही हवाय," मी म्हणाले. "मोठा. तो मधला द्या, सगळ्यात झगझगीत आहे तो."

"बघणार कोण?"

"म्हणजे?"

"घरात कोण बघणार? आणि काय बघणार?"

"वडील. फुटबॉल. आणि आत्या सिनेमे बघते."

"मग तो नको."

विकणाराच नको म्हणतोय, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्यानं रिमोट घेतला आणि त्या पडद्याचे भडक रंग उतरवत नेले. "मैदान हिरवं असतं हो, पोपटी नसतं. गिऱ्हाइकाचे डोळे दिपावेत म्हणून दुकानात असं चढवून ठेवतात. आता चेंडूकडे बघा. मागे शेपूट दिसतंय ना? आणि शेजारच्यावर बघा, चेंडू गोलच्या गोल. खेळाला हे लागतं. सिनेमाला काळा रंग लागतो. काळोख करडा दिसला की सिनेमा मेला म्हणून समजा."

"मास्तर," बिलाच्या टेबलावरून कोणीतरी ओरडलं, "शाळा सुटली की गिऱ्हाईक इकडे पाठवा!"

तो कानापर्यंत लाल झाला. पण प्रश्न काही थांबले नाहीत. खिडकी कुठल्या बाजूला? वडील बसून बघतात की पडून? पलंगापासून भिंत किती लांब?

"असेल... सात पावलं."

"तुमची की माझी?"

आम्ही दोघांनीही खाली पाहिलं. त्याचे बूट माझ्या चपलांच्या दीडपट तरी होते. यावेळी मात्र मला हसू आवरलं नाही.

"रविवारी मला सुट्टी असते," तो म्हणाला. "टेप घेऊन येतो. चालेल... ना?"

बाबा पस्तीस वर्षं फुटबॉलचे रेफरी होते. पोटासाठी टपाल खात्यातली नोकरी आणि जीव सगळा मैदानावर. साखरेनं आधी त्यांचे डोळे पोखरले, मग मूत्रपिंडं. दर पंधरा दिवसांनी त्यांचं रक्त मीच काढायचे, नळीवर नाव मीच लिहायचे आणि यंत्रातून आकडा बाहेर पडला की डॉक्टरांच्या आधी मलाच कळायचं... पुन्हा वाढला. तो आकडा पोटात ठेवून घरी यायचे, "ठीक आहे, बाबा" म्हणायचे आणि खोलीचं दार लावून घ्यायचे. हा मोसम निघेल, असं डॉक्टर म्हणाले होते. पुढच्या मोसमाबद्दल ते काही बोलले नव्हते.

मोठा टीव्ही बाबांनीच मागितला होता. "जुना डबा फार लहान आहे गं, भिंगरी. चेंडू दिसत नाही." आयुष्यभर ज्या माणसानं स्वतःसाठी एक छत्री मागितली नाही, त्यानं तोंड उघडून काहीतरी मागितलं होतं. मी आभाळ विकत आणलं असतं.

रविवारी मास्तर आला तो टेप, कात्री आणि जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन. पडद्याच्या मापाचे कागद कापून त्यानं चिकटपट्टीनं भिंतीवर लावले. पंचावन्न इंच, मग तो काढून पासष्ट. आत्या पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली.

"एवढ्या टीव्हीत निदान कळेल तरी, अंधारात कोण कोणाला मारतंय," ती म्हणाली. "आमच्या डब्यात खुनी कोण आणि कपाट कोणतं, काही पत्ता लागत नाही."

मास्तर मोठ्यानं हसला. त्या खोलीत कितीतरी दिवसांनी कोणी हसत होतं.

एक चिकटपट्टी सुटली. आवाज न करता पासष्ट इंचांचा कागद घसरत खाली आला आणि मास्तरनं तो वरच्यावर झेलला. भिंत कोरी झाली. आणि त्याच क्षणी पलंगावरून बाबा त्या कोऱ्या भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "हां! हा झकास आहे. आता कसं सगळं दिसतंय."

आत्याचा हात पदरातच थांबला. मास्तरनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

"बरोबर आहे, काका," तो हळूच म्हणाला. "हाच घेऊ."

मी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले. तो बराच वेळ टेपची पट्टी बाहेर ओढत होता, आत सोडत होता.

"मी तुम्हाला हा टीव्ही विकू शकत नाही," शेवटी तो म्हणाला. "त्यांना... त्यांना दिसत नाही हो."

"तुम्हाला कोणी विचारलं?" माझा आवाज चिरकला. "विकणं तुमचं काम आहे ना? ते करा! माझ्या बाबांचे डोळे तपासायला नव्हतं बोलावलं तुम्हाला!"

तो मान खाली घालून गेला. मी फाटकाला धरून उभी राहिले. राग आला होता तो त्याच्यावर नव्हताच. रोज सुईनं अचूक शीर शोधणारी मी... समोरच्या माणसाला आपण दिसत नाही, एवढं मला दिसलं नव्हतं. की दिसत होतं, आणि मी पाहत नव्हते?

चार दिवस मी दुकानाच्या रस्त्यानं गेले नाही. पाचव्या दिवशी बाबांच्या पायथ्याशी बसले.

"बाबा, रविवारी भिंतीवर कागद नव्हता."

ते हसले, चोरी पकडली गेल्यासारखे. "फाउल झाला म्हणायचा."

"कधीपासून?"

"झाले दोन-तीन महिने. उजेड कळतो. माणूस हलला की कळतं. बाकी... नाही."

"मग टीव्ही कशाला मागितलात?"

"तू घरी येतेस, 'ठीक आहे' म्हणतेस आणि दार लावून घेतेस. आत्या स्वयंपाकघरात बसून राहते. मी इथे. तीन माणसं आणि घरात चिटपाखराचा आवाज नाही. म्हटलं, मोठा टीव्ही आला तर दोघी इथे येऊन बसाल. मला कशाला दिसायला हवं? तुम्ही बसलेल्या असलात म्हणजे झालं."

त्यांनी हात पुढे केला, अंदाजानं. मी तो माझ्या डोक्यावर ठेवून घेतला. रडायला आलं नाही. आतून सगळं गोठल्यासारखं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले तर मास्तर मला पाहून उठून उभाच राहिला.

"त्या दिवशी मी जास्त बोललो. मला अधिकार नव्हता..."

"टीव्ही द्या," मी म्हणाले आणि बाबांचं सगळं बोलणं त्याला सांगितलं.

तो ऐकत राहिला. मग खुर्ची पुढे सरकवली. "बसा. आता निवड बघणाऱ्यांसाठी करायची. आत्यांना काळोखातला खुनी दिसायला हवा. तुम्ही कुठे बसणार? पलंगाशेजारी, म्हणजे कडेनं बघणार. कडेनंही रंग फिके पडणार नाहीत, असा घेऊ. खिडकीचा उजेड चमकणार नाही, असा. आणि काकांसाठी वेगळा स्पीकर... टीव्हीच्या मागून येणारा आवाज भिंतीलाच ऐकू जातो." तो थांबला. "पण एक अडचण आहे. टीव्हीवरचे समालोचक अर्धंच बोलतात. बाकीचं तुम्हाला दिसतंय, असं धरून चालतात. काकांना सांगणारं कोणीतरी हवं."

"मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही."

"मला कळतं," तो म्हणाला आणि फडक्याची घडी घालू लागला. आधीच घडी घातलेल्या फडक्याची.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी तो यायला लागला. बाबांच्या उशाशी खुर्ची, पडद्यावर डोळे आणि तोंडाचा पट्टा सुरू. "डावीकडून निघाला, काका... एकाला चकवलं... दुसरा आडवा येतोय... मारला! गेला बाहेर. वीतभर!"

"ऑफसाइड होता तो."

"नव्हता, काका."

"पास सुटला त्या क्षणी पाय कुठे होता, पाहिलास? मग! शिट्टी मी वाजवलीये पस्तीस वर्षं."

मग रिप्ले यायचा आणि मास्तर पडेल आवाजात म्हणायचा, "ऑफसाइड होता." बाबा ऐटीत उशीला टेकायचे. संध्याकाळी आत्याचा सिनेमा. त्यातला खुनी बाबा नुसत्या पावलांच्या आवाजावरून आधीच ओळखायचे आणि आत्या चिडायची.

मीही तिथेच बसायचे. कडेनं बघणारी. पडद्यापेक्षा मला त्याचा चेहराच जास्त दिसायचा.

एका रविवारी तो गेल्यावर बाबा म्हणाले, "भिंगरी, तू खोलीत आलीस की याचं वर्णन लंगडायला लागतं. मागच्या रविवारी तू चहा घेऊन आलीस आणि पठ्ठ्या गोल सांगायचाच विसरला. लोकांच्या ओरडण्यावरून कळला मला."

"काहीतरीच तुमचं, बाबा."

"मी आंधळा आहे, बहिरा नाही." मग बऱ्याच वेळानं, मला वाटलं झोप लागली असेल, तेव्हा म्हणाले, "चांगलं पोरगं आहे. दिसत नसलं तर नाही म्हणून सांगतं."

त्याच आठवड्यात आकडा वर गेला तो खाली आलाच नाही. गुरुवारी सकाळी, हॉस्पिटलच्या खिडकीत राखाडी उजेड आलेला असताना, माझा हात धरलेला असताना बाबा गेले. मोसमाचे तीन सामने अजून बाकी होते.

मास्तर आला. सगळ्यांच्या मागे उभा राहिला. कोणाला पाणी हवं-नको पाहिलं, खुर्च्या उचलून ठेवल्या आणि कधी गेला ते कळलंही नाही. त्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बरोबरच होतं. ज्यांना सांगायला तो यायचा, तेच राहिले नव्हते. मी कामावर जात होते, नळ्यांवर नावं लिहीत होते. रडू अजून आलं नव्हतं. आत्या म्हणायची, "रड गं बाई एकदा." पण रडू काय सांगून येतं?

दोन महिने असे गेले. एका शनिवारी दुपारी पाय आपोआप दुकानाकडे वळले. मास्तर नव्हता. "पाच दिवस तापानं पडलाय," टेबलामागचा म्हणाला आणि न विचारताच पत्ता लिहून दिला.

तिसरा मजला, अरुंद जिना, भिंतींना ओल. दार उघडलं तेव्हा तो स्वेटर घालून, दाढी वाढलेला, भिंतीला धरून उभा होता.

"तुम्ही? या ना... एकच खुर्ची आहे. तिच्यावर कपडे आहेत. थांबा, उचलतो..."

"तुम्ही आडवे व्हा आधी."

मी कपड्यांसकट खुर्चीवर बसले. खिडकीबाहेर तेच ते दाटलेलं आभाळ होतं. खोलीत औषधाचा आणि बंद हवेचा वास.

"तुम्ही आला नाहीत," मी म्हणाले.

"तीनदा आलो. गल्लीच्या तोंडापर्यंत." त्यानं छताकडे पाहत सांगितलं. "पुढे पाऊल उचलेना. काय सांगून आत येणार? शेवटी ठरवलं होतं... टीव्ही नीट चालतोय ना, असं विचारायचं."

"नाही चालत."

तो कोपरावर उठला. "का? काय झालं?"

"कोणी लावतच नाही."

आणि एवढं बोलले मात्र... काय झालं कोण जाणे. दोन महिने गोठलेलं सगळं एकदम सुटलं. परक्याच्या खोलीत, परक्याच्या कपड्यांवर बसून मी हमसून हमसून रडले. त्यानं "रडू नका" म्हटलं नाही. पलंगावरून हात लांब करून माझा हात घेतला, फक्त धरून ठेवला. त्याचा तळवा तापानं भाजत होता.

"मी सांगणार होतो," तो खूप वेळानं म्हणाला. "काका बरे असतानाच. पण वाटलं... त्यांच्या उशाशी बसून असं काही मनात आणणं बरं नाही. मग ते गेले आणि वाटलं, आता तर मुळीच बरं नाही. माझं... माझं मन आहे तुमच्यावर. पहिल्या दिवसापासून. एवढंच आहे. यात दुसरं काही नाही."

बाहेर पाऊस सुरू झाला होता, बारीक, कंटाळवाणा. मी कोटाच्या बाहीनं डोळे पुसले. त्याचा हात थोडा घट्ट धरला. त्याला कळलं. त्याचे डोळे भरून आले आणि ते लपवायला त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

"चहा घेशील?" तिकडूनच त्यानं विचारलं... आणि दचकून वळला. इतक्या दिवसांत आमच्यात कधी 'तुम्ही'खाली काही आलंच नव्हतं.

"घेईन," मी म्हणाले. "पण तू पडून राहा. मी करते."